पाप दिसायला वेळ लागतो

मंडळी, परवा जेवणाच्या टेबलावर आमच्या टीममध्ये भलताच वाद रंगला. विषय निघाला पापाचा. (कसा निघाला ते विचारू नका, रिलीजचा आठवडा होता.) एकाचं म्हणणं असं की देवाने किंवा धर्माने नियम घालून दिले म्हणून ते मोडणं हे पाप. दुसरीचं म्हणणं, काही गोष्टी मुळातच वाईट असतात, नियम त्यांच्या मागून येतात. डबे संपले, वाद काही संपला नाही.

ख्रिस्ती धर्मात या प्रश्नावर जवळजवळ दोन हजार वर्षं डोकेफोड चाललेली आहे. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्र शिकलेलोही नाही, पण इतिहास वाचायची खोड आहे. त्या वाचनात एक माणूस भेटला, ज्याचं अख्खं आयुष्य बायबलमधल्या चार-पाच ओळींनी उलटंपालटं केलं. त्याची गोष्ट वाचताना मला हा प्रश्न जितका नीट कळला तितका कुठल्याही थिअरीतून कळला नव्हता. म्हणून आजचा लेख त्याच्यावर.

पण आधी थोडी पूर्वतयारी लागेल.

नियमशास्त्र आणि शहाणपण

बायबलच्या जुन्या करारात पापाबद्दल बोलणारे दोन अगदी वेगळे सूर आहेत. एक नियमशास्त्राचा. मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञा आणि त्यांच्या मागोमाग येणारे शेकडो नियम. इथे देव आज्ञा देतो, माणसाने ती पाळायची. पाळली नाही तर करार मोडला, म्हणजे पाप.

दुसरा सूर आहे शहाणपणाच्या पुस्तकांचा. नीतिसूत्रे, ईयोब, उपदेशक ही ती पुस्तकं. इथे मेघगर्जना नाही, पर्वत नाही. घरातलं एखादं म्हातारं माणूस पडवीत बसून पोराला चार गोष्टी सांगतंय असा थाट आहे. आळस करू नको, खोटं माप वापरू नको, गरिबाला नाडू नको. का? तर त्यात तुझंच नुकसान आहे. म्हणजे पाप हा इथे गुन्ह्यापेक्षा मूर्खपणा जास्त!

गंमत म्हणजे पापासाठी जो नेहमीचा हिब्रू शब्द आहे त्याच्या क्रियापदाचा साधा अर्थ आहे नेम चुकणे. 'शास्ते' नावाच्या पुस्तकात गोफण मारणाऱ्या पटाईत डावखुऱ्या लोकांचं वर्णन येतं, ज्यांचा नेम केसभरही चुकत नाही. तिथे हेच क्रियापद आहे. आणि नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात शहाणपण एका स्त्रीच्या रूपात बोलतं, तेव्हा ज्याचा नेम आपल्याला चुकतो तो स्वतःलाच इजा करतो असं सांगताना तेच क्रियापद वापरतं.

मग हे दोन सूर जुळायचे कसे? इसवी सनापूर्वी १८० च्या आसपास जेरुसलेममधल्या बेन सिरा नावाच्या एका ज्यू गुरूने याचं सरळ उत्तर दिलं. त्याच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तो म्हणतो की जगभर फिरणारं शहाणपण शेवटी इस्राएलात येऊन राहिलं आणि ते म्हणजेच मोशेचं नियमशास्त्र. दोन्ही एकच. पण बेन सिरा नुसतं एवढं म्हणून थांबत नाही. चौतिसाव्या अध्यायात तो ते करून दाखवतो.

नियमशास्त्रात 'खून करू नको' ही एक आज्ञा आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, हा नियम वेगळ्याच ठिकाणी आहे. दोन स्वतंत्र कलमं. बेन सिरा ती दोन्ही एकमेकांशेजारी ठेवतो आणि सांगतो की गरिबाची भाकरी हिरावणारा रक्तपात करतो, मजुराची मजुरी दाबणाराही रक्तपात करतो. शिवाय असं लुबाडलेलं देवाला वाहिलं तर बापाच्या डोळ्यांदेखत त्याच्या पोराला मारण्यासारखं आहे.

नवीन नियम त्याने एकही केला नाही. जुना नियम कुठवर पोचतो तेवढं दाखवलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चर्चमध्ये बॉम्ब

आता एकदम सतराशे वर्षं पुढे आणि अटलांटिकच्या पलीकडे. स्थळ हिस्पानिओला बेट, म्हणजे आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन देश जिथे आहेत ते. कोलंबस १४९२ मध्ये इथे पोचला होता. त्यानंतर स्पॅनिश लोकांनी तिथे 'एन्कोमिएन्दा' नावाची पद्धत बसवली. राजाच्या नावाने मूळ रहिवाशांचे गट एकेका स्पॅनिश माणसाच्या 'स्वाधीन' केले जायचे. त्याने त्यांचं रक्षण करायचं, त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. कागदोपत्री ही माणसं गुलाम नव्हती. प्रत्यक्षात सोन्याच्या खाणीत ती मरेपर्यंत राबत होती. युरोपातून आलेल्या रोगराईने उरलीसुरली कसर भरून काढली. १५१४ मध्ये मोजदाद झाली तेव्हा त्या बेटावर वाटून द्यायला जेमतेम २५ हजारांच्या आसपास माणसं उरली होती.

हे सगळं करणारे लोक दर रविवारी चर्चला जात होते. उपास करत होते. कन्फेशन देत होते, म्हणजे पाद्र्यासमोर आपली पापं कबूल करून क्षमा घेत होते. त्यांच्या पापांच्या यादीत शिवीगाळ, जुगार, बाईलवेड असं सगळं असेल. खाण मात्र नसायची.

२१ डिसेंबर १५११, रविवार. सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनिओ दे मोंतेसिनोस नावाचा डोमिनिकन पंथाचा साधू प्रवचनाला उभा राहिला. समोर गव्हर्नर दिएगो कोलंबस, म्हणजे खुद्द कोलंबसाचा मुलगा, आणि गावातली सगळी बडी मंडळी. मोंतेसिनोसने त्यांना सांगितलं की तुम्ही सगळे महापापात जगताय आणि त्याच पापात मरणार आहात, कारण या निरपराध लोकांशी तुम्ही जे वागताय ते. ही माणसं नाहीत का, असं त्याने विचारलं. यांच्यावर स्वतःसारखं प्रेम करणं तुमचं कर्तव्य नाही का?

भडका उडाला. बडी मंडळी मठावर चालून गेली. तिथे मठाधिपती पेद्रो दे कोर्दोबाने शांतपणे सांगितलं की हे प्रवचन एकट्याचं नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. (टीम म्हणून जबाबदारी घेणं यालाच म्हणतात!) पुढच्या रविवारी माघार घेतली जाईल या आशेने चर्च पुन्हा भरलं. मोंतेसिनोसने तेच पुन्हा सांगितलं, आणि वर हेही की यापुढे तुमचं कन्फेशन आम्ही ऐकणार नाही.

त्यांच्या बोलण्यामागे त्यांच्याच पंथातला तेराव्या शतकातला तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस होता. त्याने कायद्याचे थर मांडले होते. सगळ्यांत वर देवाच्या मनातला शाश्वत कायदा. तो माणसाला बुद्धीने जितका समजतो तो नैसर्गिक कायदा. राजे करतात तो मानवी कायदा. आणि बायबलमधून प्रकट झालेला दैवी कायदा. राजाचा कायदा वरच्या कायद्याच्या विरुद्ध गेला तर त्याला कायदा म्हणायचीच पंचाईत. त्यामुळे 'राजाने परवानगी दिलीये' हे उत्तर या साधूंपुढे चालण्यासारखं नव्हतं.

कायदे केले की!

तक्रार स्पेनला पोचली. राजा फर्डिनंड आधी चिडला, मग त्याने समिती नेमली. (काही गोष्टी कुठल्याही शतकात बदलत नाहीत.) २७ डिसेंबर १५१२ रोजी बुर्गोसचे कायदे निघाले. वाचताना थक्क व्हायला होतं. खाणीत पाच महिने काम झालं की चाळीस दिवस विश्रांती. चार महिन्यांच्या गरोदर बाईला खाणीत धाडायचं नाही. मूळ रहिवाशाला काठीने मारायचं नाही, 'कुत्रा' म्हणायचं नाही. एखाद्या एचआर पॉलिसीत शोभतील इतके बारीक तपशील. फक्त सक्तीची मजुरी तशीच ठेवलेली!

मग १५१३ मध्ये आलं 'रेकेरिमिएन्तो'. हे एक जाहीर पत्रक. हल्ल्याआधी ते मूळ रहिवाशांना वाचून दाखवायचं. त्यात जगाच्या उत्पत्तीपासून पोपच्या अधिकारापर्यंत सगळं सांगून शेवटी म्हटलेलं की शरण या, नाहीतर होणाऱ्या मृत्यूंची जबाबदारी तुमची. हे वाचायचं स्पॅनिशमध्ये, ऐकणाऱ्यांना एक अक्षर कळत नसताना. कधीकधी तर ऐकायला कुणी जवळपासही नसायचं. आपण सॉफ्टवेअर टाकताना न वाचता 'आय अॅग्री' दाबतो ना, तसंच. फक्त इथे बटण दुसऱ्याने दाबायचं आणि जीव तुमचा जायचा.

इतके सगळे नियम होते आणि ते पाळलेही जात होते, निदान कागदावर. तरीही पाप कुणाला दिसत नव्हतं.

क्यूबा, १५१४

या सगळ्यात एक तरुण होता बार्तोलोमे दे लास कासास. जन्म १४८४, सेव्हिलचा. १५०२ मध्ये हिस्पानिओलात आला. स्वतः एन्कोमिएन्दा बाळगून होता. पुढे पाद्री झाला, तरी ती सोडली नाही. एका डोमिनिकन साधूने याच कारणासाठी त्याला पापक्षमा नाकारली. त्याने वाद घातला आणि निघून आला. पुढे क्यूबा जिंकायच्या मोहिमेत तो सैन्याबरोबर पाद्री म्हणून गेला. तिथली कत्तल डोळ्यांनी पाहिली, हळहळला. बक्षीस म्हणून मिळालेली नवी एन्कोमिएन्दा मात्र त्याने घेतली. आपण आपल्या माणसांशी दयाळूपणे वागतो, असं त्याला वाटत होतं, आणि ते बहुधा खरंही असावं.

१५१४ मध्ये पेंटेकॉस्टच्या सणासाठी तो प्रवचन तयार करत होता. बायबल चाळता चाळता त्याच्यासमोर बेन सिराचा चौतिसावा अध्याय आला. लुबाडलेल्याची आहुती. गरिबाची भाकरी. मजुराची मजुरी. रक्तपात.

हा प्रसंग त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलाय. कुठला देवदूत आला नाही, वीज चमकली नाही. तो काही दिवस विचार करत राहिला. वाचलेलं आणि आजूबाजूला दिसणारं पडताळून पाहत राहिला. आणि या निष्कर्षाला आला की इथे चाललंय ते सगळंच अन्यायाचं आहे. दयाळू मालक असणं पुरेसं नाही, कारण अन्याय मालक असण्यातच आहे.

त्याने गव्हर्नर दिएगो वेलास्केझला भेटून आपल्याकडची माणसं परत केली. १५ ऑगस्ट १५१४ ला प्रवचनात ते जाहीर केलं. लोक चाट पडले. मूळ रहिवाशांना कामाला लावणं पाप आहे म्हणजे काय? उद्या म्हणाल बैल जुंपणं पाप आहे!

मला या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'खून करू नको' ही आज्ञा लास कासासला लहानपणापासून पाठ होती. मोंतेसिनोसचा निरोपही त्या बेटावर घुमून गेलेला होता. म्हणजे माहितीचा अभाव नव्हता. अडचण अशी की 'खून' म्हटलं की डोळ्यांसमोर तलवार यायची. भाकरी यायची नाही. दोन्हींमधली रेघ काढून दिली ती शहाणपणाच्या पुस्तकाने. कायदा काय करायचं नाही ते सांगतो. तो आत्ता, इथे, तुझ्याच घरात मोडला जातोय हे दाखवायला शहाणपण लागतं.

याच पुस्तकाची पुढची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. ज्यूंनी ते आपल्या धर्मग्रंथांत घेतलं नाही. प्रोटेस्टंटांनी ते बायबलच्या ६६ पुस्तकांबाहेर ठेवलं, वाचायला चांगलं पण प्रमाण नाही म्हणून. कॅथलिकांनी १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ते प्रमाण असल्यावर शिक्कामोर्तब केलं, त्यांच्या ७३ पुस्तकांत ते आहे.

माफी हवी? आधी परत करा

पुढची पन्नास वर्षं लास कासास या एकाच कामामागे लागला. स्पेनच्या दरबारात खेटे घातले, १५२२ मध्ये स्वतः डोमिनिकन झाला. २० नोव्हेंबर १५४२ ला सम्राट पाचव्या चार्ल्सने नवे कायदे काढले. मूळ रहिवाशांना गुलाम करायला बंदी, आणि सध्याचा मालक मेला की एन्कोमिएन्दा संपणार. पेरूमधल्या स्पॅनिश लोकांनी बंड केलं आणि १५४६ मध्ये कायदे राबवायला आलेल्या व्हाइसरॉयला लढाईत ठार मारलं. वारसाहक्काचं कलम सम्राटाने १५४५ मध्येच मागे घेतलं होतं.

म्हणजे राजाचा कायदा हरला. तोवर लास कासास मेक्सिकोतल्या चियापासचा बिशप झाला होता. त्याने हातातलं दुसरं हत्यार काढलं. १५४५ च्या ईस्टरला त्याने सांगून टाकलं की जो गुलाम सोडणार नाही त्याला पापक्षमा नाही. यासाठी त्याने कन्फेशन ऐकणाऱ्या पाद्र्यांसाठी बारा नियम लिहिले. मरणाच्या दारात असलेला माणूस कबुली द्यायला बोलावेल तेव्हा आधी नोटरी बोलवा. त्याच्याकडून लिहून घ्या की गुलाम मुक्त, आणि लुटीतून आलेली मालमत्ता परत. मगच माफी!

चोरलेलं परत केल्याशिवाय पश्चात्ताप खरा नाही, ही शिकवण ऑगस्टिनपासून, म्हणजे पाचव्या शतकापासून चालत आलेली. लास कासासने फक्त ती गंभीरपणे घेतली. १५४८ मध्ये सरकारने या नियमांच्या प्रती गोळा करायचा हुकूम काढला, पण पेरूमध्ये काही जुन्या विजेत्यांनी मृत्युपत्रात परतफेडीच्या रकमा लिहून ठेवल्या. तुटपुंज्या होत्या, पण होत्या. बंदुकीला न घाबरणारी माणसं नरकाला घाबरत होती.

दुसऱ्याचं पाप

आता नाण्याची दुसरी बाजू. दैवी कायद्याची भाषा समोरची पार्टीही बोलत होती.

हुआन जिनेस दे सेपुल्वेदा हा मोठा विद्वान, अॅरिस्टॉटलचा अनुवादक. त्याचं म्हणणं असं की हे लोक मूर्तिपूजा करतात, नरबळी देतात, म्हणजे निसर्गाचाच कायदा मोडतात. तेव्हा त्यांना जिंकून शासन करणं योग्य आहे. बघा, शब्द तेच. पाप, नैसर्गिक कायदा, देव. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, यालाच धर्मशास्त्राचा कोट घातला की असं दिसतं.

याला आधीच एक उत्तर मिळालेलं होतं. सालामांका विद्यापीठात १५३९ मध्ये फ्रान्सिस्को दे वितोरियाने व्याख्यानात मांडलं होतं की पापी असल्याने किंवा ख्रिस्ती नसल्याने कुणाचा मालमत्तेवरचा वा राज्यावरचा हक्क जात नाही. जात असता तर रोजच राज्यं बदलावी लागली असती, कारण पापी कुठे नाहीत? (वितोरियाने स्पेनसाठी काही पळवाटाही ठेवल्या, हे सांगायला हवं.) त्याआधी १५३७ मध्ये तिसऱ्या पॉल पोपने फर्मान काढून सांगितलं होतं की हे लोक खरीखुरी माणसं आहेत, ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही.

१५५० आणि १५५१ मध्ये वायादोलिदला सेपुल्वेदा आणि लास कासास यांची बाजू पंडितांच्या मंडळाने ऐकली. लास कासास दिवसचे दिवस आपला मजकूर वाचत राहिला. निकाल असा काही लागला नाही. पण पसरत चाललेल्या एका साम्राज्याने आपण करतोय ते योग्य की पाप, याची जाहीर चौकशी मांडली आणि तोवर नव्या मोहिमा थांबवायचा हुकूम दिला, असं इतिहासात वारंवार दिसत नाही.

दोघांच्या हातात बायबल एकच. फरक एवढाच की सेपुल्वेदाने ते बाहेर रोखलं, लास कासासने आधी स्वतःवर रोखलं. बायबलमध्येच एक गोष्ट आहे. दावीद राजाने एका शिपायाची बायको पळवली आणि त्याला मारवलं. नाथान संदेष्टा त्याला आज्ञा वाचून दाखवत नाही. श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिसकावली, अशी गोष्ट सांगतो. दावीद संतापून त्या श्रीमंताला शिक्षा सुनावतो, आणि मग नाथान सांगतो की तो श्रीमंत म्हणजे तूच.

जे त्यालाही दिसलं नाही

इथे लेख संपवला असता तर लास कासास हिरो झाला असता. पण गोष्ट पुरी नाही. मूळ रहिवाशांची सुटका व्हावी म्हणून १५१६ मध्ये त्यानेच सुचवलं होतं की त्यांच्याऐवजी आफ्रिकन गुलाम आणावेत. तो एकटा असं म्हणत नव्हता आणि हा व्यापार त्याने सुरू केला असंही नाही. पण म्हटलं होतं हे खरं. १५१८ मध्ये राजाने ४००० आफ्रिकन गुलाम नेण्याचा परवाना दिला.

ज्याला भाकरीतलं रक्त दिसलं त्याला जहाजातलं दिसलं नाही! कित्येक वर्षांनी आफ्रिकन माणसं कशी पकडली जातात ते कळल्यावर त्याने आपल्या 'हिस्तोरिया दे लास इंदियास' या इतिहासात लिहिलं की त्यांना गुलाम करणं तितकंच अन्यायाचं आहे, आणि आपल्याला माहीत नव्हतं ही सबब देवाच्या न्यायासनापुढे चालेल याची आपल्याला खात्री नाही. हा इतिहास त्याने १५५९ मध्ये चाळीस वर्षं छापू नये अशा सूचनेसह मठाच्या स्वाधीन केला. तो १५६६ मध्ये वारला. पुस्तक छापलं गेलं १८७५ मध्ये.

मला त्याची ही कबुली क्यूबातल्या प्रवचनाइतकीच मोठी वाटते. शहाणपण एकदा आलं की कायमचं आलं, असं नसतं. प्रत्येक नव्या माणसासमोर ते नव्याने लागतं. नियमांची यादी तीच राहते, ती कुठे लागू होते ते पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

तिसऱ्या पॉलचं फर्मान १५३७ चं. ज्या पोपच्या फर्मानांच्या जोरावर ख्रिस्ती राजांनी इतरांच्या जमिनी घेतल्या, त्यातून तयार झालेला 'शोधाचा सिद्धान्त' चर्चच्या शिकवणुकीचा भाग नाही, असं व्हॅटिकनने अधिकृत निवेदनात सांगितलं ते ३० मार्च २०२३ रोजी. मूळ रहिवाशांच्या संघटना कित्येक वर्षं ते मागत होत्या. त्या निवेदनात १५३७ च्या फर्मानाचा दाखलाही दिलेला आहे. म्हणजे पुरावा घरातच होता, ४८६ वर्षं.

असो. आज जरा लांबलंच. रविवारची दुपार खाल्ली असेल तर माफी असावी. (परतफेड मागू नका!) पुढच्या शनिवारी भेटूच.